कोणाची भरती

“दुपारी भरती आहे, त्याच्या आत काय ते उरका,” परब काका अंगणात कोणाला तरी सांगत होते. बाबा तोंडात टूथब्रश धरून व्हरांड्यात उभे होते. त्यांनी ब्रश बाहेर काढला आणि विचारलं, “कोणाची?”

परब काका म्हणजे आम्ही उतरलो होतो त्या घराचे मालक. किनाऱ्याच्या मागे, सुरूच्या बनाला लागून त्यांनी चार खोल्या बांधल्या होत्या आणि सर्फिंग शिकायला देशभरातून येणारी मुलं तिथे राहायची. त्यांनी बाबांकडे पाहिलं. या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं की नाही, असा त्यांचा चेहरा झाला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून गिल अंकल बाहेर आले. हे आमचे चंडीगढचे शेजारी, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या कानावर हे बोलणं पडलं होतं, पण त्यातला एकच शब्द कळला होता. “भरती? किस रेजिमेंट की?” त्यांनी विचारलं.

“समुद्राची,” परब काका म्हणाले.

गिल अंकल मोठ्याने हसले. बाबांनी परब काकांची गंमत केली असं त्यांना वाटलं. “नेव्ही, तू भी ना यार,” म्हणत त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबाही हसले, पण तोंडात पेस्ट असल्यामुळे त्यांना फार हसता आलं नाही. मी पायरीवर बसून घावणे खात होते. तिथून मला बाबांचा एकच कान दिसत होता आणि तो लाल झाला होता. विनोद करताना बाबांचे कान लाल होत नाहीत.

आमच्या घरात भरती या शब्दाला एकच अर्थ होता. बाबा चंडीगढमधल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टर होते. मोहालीपासून पंचकुल्यापर्यंत कोणाही मराठी माणसाला, त्याच्या मावसभावाला किंवा मावसभावाच्या साहेबांच्या आईला खाट हवी असली की फोन आमच्याकडे यायचा. भरती करून घ्यायचंय, भरती होईल का, कालपासून भरती आहेत पण कोणी बघायला येत नाही. आई वर्ध्याकडची. तिकडे माणसाला दवाखान्यात भरतीच करतात, त्यामुळे या शब्दाबद्दल आमच्यात कधी मतभेद झाले नाहीत. आमचं घर आठवलं की मला सकाळचा गुरुद्वाऱ्यातला पाठ ऐकू येतो, मग कुकर, मग लिफ्टचं दार नीट न लावणाऱ्या माणसाला लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई सांगत असलेली सूचना, आणि या सगळ्यावर बाबांचा फोनवरचा शांत आवाज: कोणाची भरती आहे, वय काय, श्वास कसा आहे. त्या दिवशी सकाळी त्यांनी परब काकांना जे विचारलं, तो याच प्रश्नाचा पहिला शब्द होता. एरवी मी त्याकडे लक्षही दिलं नसतं. पण समोर समुद्र होता, आणि बाबा समुद्राचे होते. किनाऱ्यावर उभं राहून भरती हा शब्द ऐकल्यावर ज्याला आधी इस्पितळ आठवतं, तो माणूस समुद्राचा कसा, हे मला सतराव्या वर्षीही कोडं वाटलं.

चंडीगढमध्ये प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. कोणाची गावाकडे जमीन असते, कोणाचा भाऊ कॅनडात असतो, गिल अंकलकडे रेजिमेंट होती. बाबांकडे समुद्र होता. आम्ही सेक्टर एकोणपन्नासच्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा लिफ्टमध्ये गिल अंकलनी विचारलं, कहाँ के हो डॉक्टर साहब? बाबा म्हणाले, कोकण. गिल अंकल म्हणाले, मतलब समुंदर? बाबांनी जरा थांबून म्हटलं, “हाँ जी.” पुढची सगळी वर्षं या ‘हाँ जी’वर उभी होती. त्या दिवसापासून गिल अंकल बाबांना नेव्ही म्हणायला लागले, आणि मग सोसायटीचा चौकीदारही नेव्हीवाले डॉक्टर म्हणायला लागला. जानेवारीत लोहडीच्या जेवणासाठी मासे आणायचे असले की बाबांना बरोबर नेत. बाबा सेक्टरच्या बाजारात बर्फावरच्या माशाचा डोळा पाहत, कल्ला उचलून पाहत, आणि एखाद्या पेशंटबद्दल बोलावं तसं म्हणत, हा नको. सगळे मान डोलवत. रविवारी संध्याकाळी सुखना लेकवर फिरायला गेलो की गिल आंटी पेडल बोटीत बसू या म्हणत. बाबा तळ्याकडे दयेने बघत आणि म्हणत, ये पानी नहीं जी, टंकी है. मग आम्ही सगळे काठाकाठाने चालत जायचो. मी शाळेच्या तलावात पोहायला शिकत होते तेव्हाही बाबा बाकावर टॉवेल घेऊन बसायचे. समुद्राच्या माणसाने निळ्या फरश्यांच्या तलावात उतरावं अशी अपेक्षा आमच्यापैकी कोणीच केली नव्हती.

बाबांचं गाव मी पाहिलं नव्हतं. आजोबा गेल्यावर तिथे कोणी उरलं नव्हतं, आणि बाबा शाळेपासून मिरजेला वसतिगृहात वाढले होते. गोव्याला विमानातून उतरून टॅक्सीने येताना महामार्गावर एका फाट्यापाशी बाबा म्हणाले, आमचं गाव तिकडे. त्यांनी हात केला तो सह्याद्रीकडे. तिकडे एकावर एक निळे डोंगर होते. गिल अंकल त्या वेळी दुसऱ्या खिडकीतून समुद्र शोधत होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. मला दिसलं, पण मी काही बोलले नाही.

मी तशीही काही बोलत नसे. माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणींचं हिंदी-पंजाबी, आणि घरातल्या मराठीला मी हिंदीत उत्तर द्यायचे. ‘जेवायला चल’ म्हटलं की ‘आ रही हूँ’. आईबाबांना त्याची इतकी सवय झाली होती की आमच्यात दोन भाषा चालतात हे बाहेरच्या माणसाने हसल्यावरच त्यांच्या लक्षात यायचं. बाहेर तर मी कुठल्याच भाषेत बोलत नव्हते. सेक्टर चौतीसमधल्या क्लासच्या मोठ्या खोलीत मी दोन वर्षं मागच्या बाकावर काढली, आणि परीक्षा संपल्यावर सरांनी मला विचारलं की तू नवीन आलीस का. मला हे सोयीचं वाटायचं. बोलत नसलं की माणसं आपल्यासमोर सगळं करतात. आता मी हे मराठीत लिहिते आहे, पण ते आई तपासते. वर मी ‘सुरूचं बन’ लिहिलं आहे तिथे तिने पेन्सिलीने ‘हे काय असतं?’ असं लिहिलंय.

ही सहल गिल अंकलनी काढली होती. त्यांच्या नातवाने त्यांना फोनवर या किनाऱ्याचा व्हिडिओ दाखवला होता: लाटेवर उभी असलेली मुलं, मागे नारळ. गिल अंकलनी समुद्र फक्त विमानातून पाहिला होता. तरुणपणी ते एका कोर्ससाठी पुण्यात राहिले होते, पण पुण्यात समुद्र नाही हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं. तिथून त्यांनी तेवढे दोन मराठी शब्द आणले होते, ‘भीती नाही’, आणि लिफ्ट मध्येच बंद पडली की अंधारात ते हेच म्हणायचे. तर व्हिडिओ बघून ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, नेव्ही, मी सत्तरीला आलो, आता तुझा समुद्र दाखव. तुझ्याबरोबरच उतरणार, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. बाबा म्हणाले, पक्का. मग आठवडाभर ते झोपताना उगाच खिडक्या लावत आणि उघडत होते.

तर त्या सकाळी घावणे संपवून मी आत गेले. आई गिल आंटींनी दिलेल्या पिन्न्या, म्हणजे कणकेचे पंजाबी लाडू, डब्यात नीट लावत होती. मी तिला हिंदीत विचारलं, बाबांना पोहता येतं ना?

आईने डब्याचं झाकण लावलं. “मला ते पाण्यात कधी दिसले नाहीत,” ती म्हणाली. “मी विचारलंही नाही. लग्नात माणूस सगळंच विचारत नाही बाप्पा.”

पण मग त्यांना आज पाण्यात जाऊ का देतेस, असं मी विचारलं. आई म्हणाली की तिने रात्री विषय काढला होता, गुडघ्याचं कारण सांगा म्हणून सुचवलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गिल इतक्या लांब माझ्या भरवशावर आलेत. आईने पिन्न्यांचा डबा पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, “तू जवळ राहा. मला तर गुडघाभर पाण्यातही चक्कर येते.”

किनारा गजबजलेला होता. बंगळुरूची मुलं, पुण्याची मुलं, लाल पडलेले दोन परदेशी, भाड्याच्या सर्फबोर्डांचे ढीग, आणि एका टपरीवर लिंबू सरबत आणि मॅगी. शिकवायला वैशाली नावाची गावातलीच एक उंच बाई होती. तिच्या गळ्यात शिट्टी होती आणि ती सर्वांना एकाच आवाजात ओरडायची, त्यामुळे कोणालाच अपमान वाटत नव्हता. तिने आम्हाला आधी कोरड्या वाळूत बोर्डांवर पालथं झोपवलं. हात मारा, छाती उचला, पाय पुढे, उभे राहा. गिल अंकल परेडवर उठतात तसे उठत आणि सलाम ठोकून थांबत. बाबा इस्पितळाच्या क्रीडादिनाची ट्रॅक पँट घालून आले होते. वाळूवर आमच्यात सर्वांत चांगले तेच होते. वैशाली म्हणाली सुद्धा, डॉक्टरांचा तोल छान आहे. गिल अंकल म्हणाले, “समुंदर का बंदा है,” आणि ते तिला समजावं म्हणून लाटांकडे बोट दाखवलं. आई आणि गिल आंटी सुरूच्या सावलीत खुर्च्या टाकून बसल्या होत्या. गिल आंटी आईला पराठ्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि आई न हलता पाण्याकडे बघत होती.

पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा मला समुद्र फार असभ्य वाटला. तलावात पाणी आपली वाट बघतं. इथे ते एकदम अंगावर येत होतं, नाकातोंडात जात होतं आणि काही झालंच नाही असं मागे सरत होतं. मी पडले, परत पडले, मीठ गिळलं. वैशाली माझा बोर्ड मागून धरून ढकलायची आणि ओरडायची, “आता.” शेवटी एकदा ती ओरडली आणि मी उभी राहिले. पायाखालून काहीतरी वेगाने वाहत होतं आणि मी त्याच्यावर होते. किनारा माझ्याकडे येत होता, आई उभी राहिल्यासारखी दिसली, आणि मग मी वाळूत उतरले. पडले नाही. वैशालीने लांबून अंगठा वर केला. मी आजूबाजूला पाहिलं, आपल्याकडे दुसरं कोणी बघत नाही याची खात्री केली आणि मग हसले. मला समुद्राची अजिबात भीती वाटत नव्हती. हे इथे लिहून ठेवते, कारण ते दुसरीकडे कुठेच नोंदलेलं नाही.

मग मी बोर्ड वाळूवर ठेवला आणि परत पाण्यात येऊन बाबांना शोधलं. ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांचा बोर्ड त्यांनी केव्हाच वाळूवर आणून ठेवला होता. अशा गोष्टी लहान मुलांसाठी ठीक, असं त्यांनी गिल अंकलना सांगितलं असावं. गिल अंकल त्यांच्या पुढे होते, पंजाबातल्या कालव्यांत शिकलेल्या पद्धतीने मान वर काढून पोहत होते आणि आनंदाने आरोळ्या देत होते. ते वळून म्हणाले, “नेव्ही, यहाँ तो बच्चे खेल रहे हैं. आगे ले चल यार.” बाबांनी हसून हात केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. पाणी छातीशी आलं. ते पाऊल फार मोठं नव्हतं. मला आधी वाटलं तिथे खड्डा असेल. मग मी मागे किनाऱ्याकडे पाहिलं, तर माझा बोर्ड ठेवलेली वाळू ओली झाली होती आणि टपरीवाला आपल्या खुर्च्या उचलून मागे नेत होता.

भरती म्हणजे काय, ते मला असं कळलं. ती येताना दिसत नाही. लाटा तेवढ्याच असतात, फक्त आपण उभे असतो ती जागा पहिल्यासारखी राहत नाही. वैशालीने लांब शिट्टी मारली आणि ती बंगळुरूच्या मुलांना हाकत बाहेर काढायला लागली. बाबांना शिट्टी ऐकू आली होती. ते हलले नाहीत. एक लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. ती गेल्यावर ते तिथेच होते, केस कपाळावर चिकटलेले, आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू मी ओळखत होते. वॉर्डाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांशी बोलताना ते तसं हसतात. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोन लाटांच्या मधल्या वेळात पाणी उतरलं की दिसत होते. उजव्या हाताची तीन बोटं त्यांनी डाव्या मनगटावर ठेवली होती. बाबा स्वतःची नाडी बघत होते.

वैशालीला हाक मारता आली असती. तिने येऊन बाबांना खांद्याला धरून बाहेर आणलं असतं, रोज कोणाला तरी आणत असेल तसं. पण ते गिल अंकलनी पाहिलं असतं. आणि गिल अंकल चांगले माणूस होते, हीच खरी अडचण होती. ते हसले नसते. त्यांनी कोणाला सांगितलं नसतं. त्यांनी बाबांना टॉवेल दिला असता, चहा मागवला असता, आणि चंडीगढला परतल्यावर लिफ्टमध्ये फार मायेने म्हटलं असतं, कैसे हैं डॉक्टर साहब. नेव्ही त्यांनी परत म्हटलं नसतं. चौकीदारानेही नाही. लोहडीच्या माशांसाठी आणखी कोणीतरी गेलं असतं.

मी बाबांच्या दिशेने निघाले. पाणी माझ्या खांद्याशी आलं, एका लाटेला मी उडी मारली, दुसरीखालून गेले. गिल अंकलही आता आमच्याकडे वळून पोहत येत होते आणि काय झालं म्हणून विचारत होते. जाताना मी वाक्य तयार करत होते, आणि ते आधी हिंदीत तयार झालं होतं, कारण माझी सगळी वाक्यं हिंदीत किंवा इंग्रजीत तयार व्हायची. पण बाबांजवळ पोचले तेव्हा ते वाक्य गेलं. बाबा माझ्याकडे बघत होते. बोटं अजून मनगटावर होती.

त्यानंतर जे झालं ते आमच्या सोसायटीत सर्वांना माहीत आहे. डॉक्टरसाहेबांची मुलगी घाबरली आणि तिच्यामुळे सगळ्यांना बाहेर यावं लागलं. गिल अंकल अजून ही गोष्ट सांगतात आणि सांगताना दर वेळी माझ्या डोक्यावर हात ठेवून ‘भीती नाही, पुत्तर’ म्हणतात. ते आता काठी घेऊन चालतात, आणि बाबांना अजून नेव्हीच म्हणतात. त्या दुपारी परब काकांकडे सोलकढी पिताना बाबांनी आपल्या ताटातला बांगडा माझ्या ताटात ठेवला, काटे काढून, जरा वाईट काढलेले. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी सुखनावर ते एकदम म्हणाले की या मुलीच्या मनातली पाण्याची धास्ती घालवायला हवी, आणि पेडल बोटीची दोन तिकिटं काढली. माझं लाईफ जॅकेट त्यांनी स्वतः घट्ट बांधलं. मग मला एकटीला संकोच वाटू नये म्हणून एक स्वतःही घातलं. आम्ही टाकीच्या मध्यापर्यंत जाऊन आलो. गिल आंटी काठावरून हात हलवत होत्या. त्यानंतर मी त्या सर्फिंगच्या किनाऱ्यावर एकटी बऱ्याचदा जाऊन आले आहे. बाबांना मात्र ऑफिसचं काम बंगळुरूला आहे असं सांगते.

पण हे नंतरचं. त्या क्षणी पुढची लाट उंच होत होती, वैशालीने आमच्याकडे बघून शिट्टी तोंडाशी नेली होती, आणि गिल अंकल दोन हातांच्या अंतरावर येऊन थांबले होते. मी बाबांचं मनगट धरलं, त्यांच्या तीन बोटांसकट, आणि किनाऱ्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं,

“बाबा, भरती आली. मला भीती वाटतेय, मला बाहेर न्या.”